अपाची ॲक्सिस२

अपाची ॲक्सिस२ ही वेब सेवांसाठीची मुक्त स्रोत सर्व्हर चौकट (फ्रेमवर्क) आहे. ‘सोप’ या नियमावलीनुसार आलेले एक्सएमएल संदेश स्वीकारणे, ते योग्य सेवेकडे पोचवणे आणि उत्तर परत पाठवणे हे तिचे काम होय. जावा भाषेत लिहिलेला हा प्रकल्प अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा असून त्याची १.० ही आवृत्ती २००६ साली प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी

सोप संदेशाची रचना लिफाफ्यासारखी असते. त्याच्या ऐच्छिक शीर्षभागात पत्ता, सुरक्षा इत्यादींविषयीच्या सूचना, तर अनिवार्य मुख्य भागात प्रत्यक्ष मागणी असते. ॲक्सिसची पूर्वज असलेली ‘अपाची सोप’ ही चौकट संपूर्ण संदेश वाचून त्याचा वृक्ष मेमरीत उभा करी. असा वृक्ष मूळ मजकुराहून बरीच अधिक जागा व्यापतो. त्यामुळे अनेक मोठे संदेश एकाच वेळी आले की सर्व्हरवर ताण येई. नंतरच्या ॲक्सिसने ‘सॅक्स’ पद्धत स्वीकारली. तीत पार्सर संदेश वाचत जातो व आढळलेला प्रत्येक घटक चौकटीला कळवतो. वाचन कोठे थांबवायचे हे मात्र चौकटीच्या हाती सहजासहजी राहत नाही.

रचना

ॲक्सिस२मध्ये हा क्रम उलटा करण्यात आला. ‘स्टॅक्स’ पद्धतीनुसार चौकट स्वतः पार्सरकडून पुढचा अंश मागून घेते. या पद्धतीवर उभारलेल्या ‘ॲक्सिऑम’ प्रारूपात आवश्यक तेवढाच वृक्ष बांधला जातो. केवळ शीर्षभागातील पत्ता पाहायचा असल्यास मुख्य भागाचा वृक्ष बांधावा लागत नाही.

आलेला संदेश वहन, सुरक्षा, सेवानिश्चिती अशा टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्प्यात ‘हँडलर’ नावाचे छोटे घटक आपापले काम करतात आणि अखेरीस संदेशग्राहक संबंधित सेवेला पाचारण करतो. येणारे व जाणारे संदेश आणि येणारे व जाणारे दोषसंदेश यांसाठी चार स्वतंत्र प्रवाह आहेत. हँडलरांचे संच मोड्यूल म्हणून जोडता येतात. उदाहरणार्थ, सुरक्षेसाठी ‘रॅम्पार्ट’ आणि खात्रीशीर पोचेसाठी ‘संदेशा’. त्यामुळे ही कामे सेवेच्या मूळ आज्ञावलीत मिसळावी लागत नाहीत.

मर्यादा

मुख्य भागावरील डिजिटल स्वाक्षरी पडताळायची असल्यास तो भाग पूर्ण वाचावाच लागतो; तेथे विलंबित बांधणीचा लाभ उरत नाही. तसेच संदेशाच्या शेवटी असलेली एक्सएमएलची चूक उशिरा लक्षात येते आणि तोवर काही प्रक्रिया पार पडलेली असू शकते. म्हणून पैशांच्या हस्तांतरासारखी मागे न घेता येणारी कृती करण्यापूर्वी संपूर्ण संदेश तपासणे इष्ट ठरते.