पालिकेची इमारत आणि रॅम्पचं गणित



मुंबई महापालिकेची मुख्य इमारत १८९३ साली पूर्ण झाली. वास्तुविशारद होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. आजही तिथूनच कारभार चालतो. म्हणजे सरकारी इमारत पिढ्यान् पिढ्या वापरात राहते आणि तिच्यात राहिलेली चूकसुद्धा!

म्हणून पालिकेचा दवाखाना, शाळा किंवा वॉर्ड ऑफिस आखताना वास्तुविशारद आधी पाहतो ती माणसं. रोज किती येतात? रांग कुठे लागते? आजोबा, गरोदर ताई, व्हीलचेअरवरचं मूल आत कसं जाणार? नकाशा त्यानंतर. जुन्या इमारतीची तपासणीही याच प्रश्नांनी होते.

उदाहरणार्थ रॅम्प. त्याचा चढ १:१२ पेक्षा जास्त नसावा. सहा इंचांच्या ३ पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची, म्हणून रॅम्प किमान १८ फूट लांब हवा. तो ८ फुटांचाच असेल तर व्हीलचेअर मागून कुणीतरी ढकलावीच लागते. रॅम्प आहे, पण मूल एकटं आत जाऊ शकत नाही!

उपक्रम : गुणोत्तर शिकवताना मुलांच्या हाती टेप द्या. शाळेचा, दवाखान्याचा रॅम्प मोजू द्या. आखूड निघाला तर पालिकेला अर्जही मुलांकडूनच लिहून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार ही सोय म्हणजे उपकार नाही, हक्क आहे.