लोखंडाची ‘काच’ केली, तर ती गंजते का?

पावसाळ्यात गॅलरीच्या ग्रिलवर गंजाचे ठिपके दिसू लागतात. स्टेनलेस स्टील जास्त टिकतं, पण खाऱ्या पाण्यात अनेकदा त्यालाही बारीक खड्डे पडतात. मग न गंजणारं लोखंड बनवता येईल का?

धातू थंड होताना त्याचे अणू रांगेत बसतात आणि बारीक स्फटिक तयार होतात. स्फटिकांचे सांधे आणि धातूतले अशुद्ध कण या गंजाला आवडणाऱ्या जागा. पण वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे १० लाख अंश या वेगाने थंड केला, तर अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. ते काचेसारखे जागच्या जागी गोठतात. हाच अमॉर्फस धातू. यात सांधेच नसतात.

१९७४ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी लोखंड, क्रोमियम, फॉस्फरस आणि कार्बनचा असा धातू तपासला. शंभरात ८ अणू क्रोमियमचे असले, तरी मिठाच्या पाण्यात त्याला खड्डे पडले नाहीत. फॉस्फरसमुळे पृष्ठभागावरचं लोखंड आधी भराभर विरघळतं, क्रोमियम मागे साचतं आणि त्याचं पातळ, सलग कवच तयार होतं.

म्हणजे नुसतं ‘अमॉर्फस’ असून भागत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनची अमॉर्फस पट्टी वापरतात. तिच्यात क्रोमियम नसतं, म्हणून ओलाव्यात ती गंजते. शिवाय असा धातू फार तापला, तर पुन्हा स्फटिक बनतात आणि कवच कमकुवत होतं.

आणि अख्खं ग्रिल? इतक्या वेगाने जाड तुकडा थंड करणं कठीण. म्हणून हा धातू पातळ पट्टीच्या किंवा फवारलेल्या लेपाच्या रूपातच जास्त भेटतो.