११८ अंशांवरचा गूळ

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड-सोनपेठच्या गोदाकाठावर गुऱ्हाळ कुठं चालू आहे, हे विचारावं लागत नाही. वास थेट काहिलीपाशी नेऊन उभा करतो. हा वास उसाला नसतो, ताज्या रसालाही नसतो. रसातली अमिनो आम्लं आणि साध्या साखरा तापून एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून तो तयार होतो. तपकिरी रंगही त्यातलाच. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. ज्वारीच्या भाकरीवर पडणाऱ्या डागांमागंही तीच आहे.

ऊस चरकात जातो, रस गाळून काहिलीत पडतो, खाली चुलवाणात त्याच उसाची चिपाडं जळतात.

खरी कसोटी निवळीची. रस मुळात आंबटसर. तसाच उकळला तर साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. मग ढेप नीट धरत नाही, पावसाळ्यात पाझरते. म्हणून चुन्याची निवळी घालायची. चुना आम्ल मारतो, रसातल्या फॉस्फेटशी जुळून त्याचा साका होतो आणि गाळ सोबत ओढतो. "जास्त झाली की गूळ काळा, कमी पडली की चिकट," गुळव्या सांगतो. सामू मोजायला त्याच्याकडं काही नाही, नजर आहे. पुढं भेंडीच्या ठेचलेल्या खोडांचा बुळबुळीत रस पडतो, त्यात अडकून मळी वर येते. 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात देणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यात भेंडीचा हा दुसरा उपयोग.

पाणी उडेल तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. जाणकार ११८ अंश सांगतात. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत वळतो. गोळी टणक झाली की ओरडतो आणि काहील उतरते. त्याचे ११८ अंश ते हेच. जरा उशीर झाला की पाक करपला.

एवढं करून बाजारात मान पिवळ्याधमक ढेपेला. म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडतं. ते रंग उडवतं, गंधकाचा अंश मागं ठेवतं, आणि साठवणीत तो गूळ पुन्हा गडद होतोच. "गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो," हे उत्तर ठरलेलं, आणि ते खोटंही नाही.

तेव्हा संक्रांतीचा गूळ घेताना दुकानदाराकडं बिनहायड्रॉसचा, तपकिरी गूळ मागा. मागणी आली तरच ती पावडर गुऱ्हाळातून जाईल.