रानातला मुक्काम (लेखांक ६) : पाण्यापासून चार हात लांब

मुक्कामाची जागा निवडताना उतार, वारा आणि सावली कशी बघायची ते मागच्या आठवड्यात पाहिलं. पाण्याचा विषय मुद्दाम राखून ठेवला होता. रानात राहायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तळ्याचा काठ, तिथं तंबू आणि पुढ्यात शेकोटी एवढंच येतं. हे चित्र थंड मुलखातल्या फोटोंमधून आलेलं आहे. वर्धा जिल्ह्यात ते चालत नाही.

बोरचं जंगल घ्या. सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे बोर नदीवर धरण आहे आणि त्याच्या भोवतीच्या टेकड्यांवर साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू असं पानझडीचं रान. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळू लागतात, नाल्यांची धार तुटते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा जलाशय, एखाद-दोन डोह आणि वन विभागाने बांधलेले पाणवठे एवढंच पाणी शिल्लक राहतं. चितळ, सांबर, रोही, अस्वल, बिबट, वाघ सगळ्यांची वाट मग तिथंच येते. त्यातले लाजरे तर अंधार पडेपर्यंत पाण्याकडे फिरकतही नाहीत. अशा काठावर आपण पथारी पसरली, तर माणसाच्या वासाने सांबर लांबूनच माघारी फिरतं आणि त्या रात्री तहानलेलं राहतं. वाघाची भीती सगळे बोलून दाखवतात. सांबराच्या तहानेचं कुणाच्या मनातही येत नाही.

कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि कलम ३० प्रमाणे तिथं आग लावता येत नाही. सफारीची गाडी सूर्यास्ताच्या आत दाराबाहेर यावीच लागते. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. त्याचं कलम २६ विनापरवाना घुसखोरीला आणि विस्तवाला मनाई करतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम धरतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची जुनी सवय आणि पर्यटकाची शेकोटी यांचा परिणाम एकच. सागाच्या वाळक्या पानात ठिणगी पडली की जाळरेषा ओलांडायला तिला वारा पुरतो.

मग या जिल्ह्यात जंगलाच्या काठाला उघड्यावर रात्र काढतं कोण? शेतकरी. जंगलाला लागून ज्याचं शेत आहे, तो हरभरा-तुरीच्या हंगामात रोही आणि रानडुकरं हाकायला जागलीवर जातो. चार बल्ल्या रोवून त्यावर फळ्या किंवा बाज, वर तुराट्यांचं नाहीतर ताडपत्रीचं छत, हाताशी टॉर्च आणि बडवायला पत्र्याचा डबा, एवढा त्याचा संसार. मुक्कामाचं शास्त्र शिकायचं असेल तर एखादी जागल नीट बघावी. मचाण नाल्याच्या काठावर कधी नसतं. ते असतं उंचवट्यावर, जिथून चारी धुरे नजरेत राहतात. थंडीच्या रात्री जड हवा उतारावरून खाली सरकते आणि नाल्याच्या खोलगटात साचते, म्हणून काठ वरच्या शेतापेक्षा जास्त गार आणि दवाने ओला असतो. पावसाळ्यात कारण वेगळं: पाऊस वरच्या टेकड्यांवर पडतो आणि कोरडा नाला भरून येतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी.

धरणाच्या काठाची तऱ्हा आणखी निराळी. पाणी उतरत जातं तशी गाळाची जमीन उघडी पडते. वरून ती तडकलेली, टणक दिसते, पण पाण्याजवळ पापुद्र्याखाली चिखल असतो आणि त्यात गुरंसुद्धा रुततात. काळ्या मातीत तंबूच्या खुंट्यांचंही खरं नसतं. ओलीत त्या सैल होतात, आणि उन्हाळ्यात खुंटी भेगेतच जाते. त्या भेगा विंचवांच्या हक्काच्या.

जमिनीवर न झोपण्याचं खरं कारण मात्र मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवरच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. बाज आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन वस्तूंनी हा धोका खूप कमी होतो. महागड्या तंबूच्या नादात लोक नेमक्या याच दोन गोष्टी घरी विसरतात. दंशाचा नुसता संशय आला तरी उजाडायची वाट बघू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांपासून होणाऱ्या स्क्रब टायफसचीही आठवण ठेवावी. २०१८ साली विदर्भात त्याची साथ पसरली होती. उघड्या गवतात बसू-लोळू नये.

एक धोका कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. पिकाच्या राखणीला हल्ली झटका मशीन लावतात. त्याचा हिसका बसतो, जीव सहसा जात नाही. पण काही ठिकाणी तारेत बेकायदा थेट वीज सोडलेली असते. विदर्भात अशा तारेने वाघ गेले आहेत, माणसंही गेली आहेत. म्हणून अंधारात धुऱ्याधुऱ्याने चालू नये, आणि कुणाच्या शेतात राहायचं तर धन्याला विचारून, तार कुठून गेली ते दिवसाउजेडी बघून.

पाण्याकाठची रात्र हवीच असेल, तर त्याचा सरळ मार्ग आहे: बुद्धपौर्णिमेची मचाण. उन्हाळ्यात पाणी सगळ्यात कमी आणि चांदणं सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत, म्हणून पाणवठ्यावर प्राणी मोजायला ही रात्र निवडली गेली. वाघांचा अधिकृत अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून काढतात, त्यामुळे मचाणीवरची गणना ‘निसर्गानुभव’ या नावाने उरली आहे. माझ्या मते हे उत्तमच झालं. आकडा जुळवायची घाई नसली की माणूस नुसतं बघायला मोकळा होतो. वन विभाग आधी नावं मागवतो, शुल्क घेतो आणि दुपारनंतर ठरलेल्या पाणवठ्यावर सोडतो. एकदा वर चढलं की सकाळी वनरक्षक न्यायला येईपर्यंत खाली उतरायचं नाही.

सोबत माणशी पाच लिटर पाणी घ्या. पाणवठ्याचं पाणी प्यायचं नाही, आणि चूल पेटवायची नसल्यामुळे उकळण्याचा प्रश्नच नाही. खाणं कोरडं आणि बिनवासाचं: दशम्या, गूळ, फुटाणे. प्लॅस्टिकच्या पुड्या घरीच सोडून कापडात बांधा, कारण त्या शांततेत पुडीची कुरकुर चितळाला कुठल्या कुठे पळवते. मळकट रंगाचे कपडे, अत्तर-उदबत्ती नको, तंबाखू-बिडी नको. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली लागते. हे कुणी सांगत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याचंच सगळ्यात जास्त महत्त्व वाटतं.

पुढच्या लेखांकात पाणी निवळणं: रेतीतला झिरा कसा खणायचा, निवळीच्या बिया भांड्याला आतून का घासतात, आणि पाणी नितळ दिसलं तरी उकळायचं का.