अनोळखी माणसाशी वाद

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने ओळखले जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद त्यात सापडते. माल देणारा बालाघाटाच्या पायथ्याशी आणि वापरणारा समुद्रापलीकडे. दोघांची भेट आयुष्यात होण्याची शक्यता नाही. मधला सारा व्यवहार वजन, माप आणि दिलेला शब्द यांच्या भरवशावर चाले. न पाहिलेल्या माणसाशी घासाघीस करावी, पण संबंध तुटू देऊ नये, ही विद्या या भागातील व्यापाराला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

तीच विद्या मोबाइल हातात येताच का विसरली जाते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दिवसभर गिऱ्हाइकाला ‘अहो, बसा, पाणी घ्या’ म्हणणारा तरुण रात्री दहानंतर कोणा अनोळखी माणसाला अरेतुरे करतो. पावती पाहिल्याखेरीज रुपयाही खर्ची न टाकणारे त्याचे वडील, करविषयक एखादा खळबळजनक संदेश कोणी लिहिला हे न पाहता पाच गटांत पुढे पाठवितात. राजकारण, कायदा आणि अर्थकारण हे वादाचे तीन आवडते विषय. तिन्हींत व्यापारी माणसाचा थेट संबंध येतो, म्हणून त्याने त्यांवर बोलूच नये असे म्हणणे चुकीचे ठरेल. प्रश्न आहे तो बोलताना हाती काय असते, हा.

या जिल्ह्यात अशा वादाचे सर्वांत मोठे निमित्त ठरले ते जिल्ह्याचे स्वतःचे नाव. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये आणि सरकार बदलल्यानंतर पुन्हा जुलै २०२२ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा व तालुक्यांच्या नावाची अधिसूचना निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. दोन वर्षांच्या या काळात पडद्यावर जे लिहिले गेले, त्यातील फार थोडे या घटनाक्रमाशी संबंधित होते. एक पक्ष म्हणे, धाराशिव हे नाव कालपरवा शोधून काढलेले आहे. दुसरा पक्ष उस्मानाबाद म्हणणाऱ्याची देशनिष्ठाच तपासू लागे. वस्तुतः उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले, आणि धाराशिव हे त्याआधीचे जुने गावनाव. याला पुरावा आहे. पण पुरावा आहे म्हणून वर्षानुवर्षे दुसरे नाव उच्चारत आलेला शेजारी परका ठरत नाही, इतके कळण्यास न्यायालयाची गरज नव्हती.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मतदारसंघाचे नाव मात्र उस्मानाबाद असेच होते. ‘प्रशासन झोपले आहे’, ‘हे मुद्दाम केले आहे’, असे आरोप लगेच सुरू झाले. कारण साधे होते. मतदारसंघांची नावे परिसीमनाच्या आदेशात ठरलेली असतात. महसुली जिल्ह्याचे नाव बदलल्याने ती आपोआप बदलत नाहीत. एका वाक्याचे हे उत्तर ज्याच्याजवळ होते, त्याला आवाज चढविण्याचे कारण उरत नव्हते.

नावाच्या या वादात समाजातील अनेकांनी शहराजवळच्या धाराशिव लेण्यांचा दाखला दिला. तो देण्याजोगाच आहे. लेण्यांत भगवान पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंडू राजा तेरापूरला येतो आणि तेथे पार्श्वनाथांची लेणी उभी राहतात, अशी कथा आहे, डॉ. हिरालाल जैन यांनी हे काव्य संपादित करून प्रकाशात आणले. तथापि ‘लेणी आमचीच, पहिल्या दिवसापासून’ असे लिहून वाद मिटविता येत नाही. मोठा सभामंडप आणि भोवतालच्या खोल्या ही रचना अजिंठ्याच्या विहारांशी जुळते, यावर बोट ठेवून लेणी मुळात बौद्ध असावीत आणि पुढे जैनांच्या वापरात आली असावीत, असा पक्ष काही अभ्यासकांनी मांडला आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७०च्या दशकात लेण्यांची नोंद केल्यापासून ही चर्चा चालत आली आहे, आणि ती चालविणाऱ्यांनी एकमेकांची जात काढलेली नाही. ज्या परंपरेने ‘स्यात्’ हा शब्द तत्त्वज्ञानाच्या मुळाशी ठेवला, तिच्या अनुयायांना दुसरा पक्ष पूर्ण ऐकून घेणे जड जाऊ नये.

आता कायद्याकडे वळावे लागते, कारण भीती आणि बेफिकिरी या दोन्ही टोकांचा येथे सारखाच सुळसुळाट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्याविषयी प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. व्यापारी कुटुंबाने या प्रकरणातील ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: शब्द एकाचा, आणि नुकसान दुसऱ्याच्या जागेचे. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस म्हणणारा आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा मजकूर व्हॉट्सॲपवर ठेवला. हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मजकूर अनेकांना आवडणारा नव्हता, पण सरकारच्या निर्णयावर टीका करणे म्हणजे समाजात वैर पसरविणे नव्हे, हे न्या. अभय ओक यांनी स्पष्ट केले. निकालात आधार घेतला गेला तो नागपूरच्या उच्च न्यायालयात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेल्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस व कणखर माणसाच्या दृष्टीने. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने नव्हे. महाराष्ट्राच्या भूमीतील ही कसोटी अधिक लोकांना ठाऊक असावयास हवी होती.

गटाच्या चालकांनाही दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान उद्देश नसेल तर, गटचालक जबाबदार धरता येत नाही. पण म्हणून सगळे मोकळे झाले असे समजणे धोक्याचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर पसरविण्याविरुद्धचे कलम १९६ आहे आणि बदनामीचे कलम ३५६ आहे. शिवाय वर सांगितलेला प्राध्यापक अखेर सुटला, तोपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला. दुकान चालविणाऱ्याने या काळाची किंमत स्वतः करावी.

कायद्याच्या ज्या वादात समाजाचे सर्वांत जिव्हाळ्याचे काही पणाला लागले होते, तो याच जिल्ह्याच्या भूमीशी जोडलेला आहे. देशभूषण व कुलभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्र कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली. साठ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१५ रोजी, राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना-संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा मानण्याचा निकाल दिला. देशभर मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. मोर्चे मूक होते. पडद्यावरचा समाज तसा नव्हता. ‘ही आत्महत्या नव्हे काय?’ असे विचारणाऱ्या अनोळखी माणसाला अनेकांनी अज्ञानी, धर्मद्वेष्टा ठरविले. विचारणाऱ्यांत काही खोडसाळ होते यात शंका नाही. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि त्याचे उत्तर घरातच होते.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सल्लेखनेची निमित्ते सांगितलेली आहेत: टाळता न येणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि असाध्य रोग. दुःखाने खचलेल्या वा रागावलेल्या माणसासाठी हे व्रत नाही. त्याहून महत्त्वाची बाब ‘तत्त्वार्थसूत्रा’त आहे. सल्लेखनेचे जे अतिचार, म्हणजे दोष, तेथे मोजले आहेत, त्यांत जगण्याची इच्छा जशी आहे तशीच मरणाची इच्छाही आहे. आत्महत्येच्या गुन्ह्यात कायदा हेतू शोधतो आणि तो हेतू मरणाचा असतो. येथे तर मरणाची इच्छा मनात आली, तरी व्रतास दोष लागतो. विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या कोणा परधर्मीय तरुणाला हे नीट सांगितले, तर तो सहमत होईलच असे नाही. वृद्धावर घरच्यांचा दबाव नसेल कशावरून, असा पुढचा प्रश्न तो विचारील. तोही प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचेही उत्तर शोधावे लागते. अनोळखी माणसाशी वाद घालण्याचा खरा लाभ हाच, की घरात कोणी न विचारलेले तो विचारतो. पाठशाळेत पाठ झालेली सूत्रे कित्येकांनी २०१५च्या त्या तीन आठवड्यांत प्रथमच अर्थासह वाचली असतील.

अर्थकारणाचा वाद या जिल्ह्यात मुख्यतः सोयाबीनचा. २०२४-२५ साठी केंद्राने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता, आणि त्या हंगामात मराठवाड्यातील बाजारभाव त्याच्या खाली राहिला. ‘व्यापारी लुटतात’ हे वाक्य तेव्हा सर्वत्र फिरत होते. त्यावर व्यापारी घरांतून बहुधा दोन प्रकारची उत्तरे गेली: ‘मग विकू नका’, किंवा ‘शेतकऱ्याला सगळे फुकट हवे’. दोन्ही उत्तरे दुखावणारी आणि दोन्ही निरुपयोगी. समोर लिहिणाऱ्याच्या घरी कदाचित वीस क्विंटल माल पडून असतो. त्याचा राग त्याच्या हिशेबातून आलेला असतो.

उत्तर हिशेबातूनच द्यावयास हवे होते. सोयाबीनचा भाव केवळ दाण्याचा नसतो. दाण्यातून सुमारे १८ टक्के तेल निघते, उरलेल्याची बहुतांश पेंड होते; त्यामुळे पेंडीचा भाव पडला की गिरणीची दाणा घेण्याची ऐपत घटते. इथेनॉल-निर्मितीतून निघणारा, पशुखाद्यात वापरला जाणारा स्वस्त धान्यचोथा आल्यावर पेंडीची मागणी घटली. तेलाच्या बाजूने, केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के आणि शुद्ध तेलावरील साडेबारावरून साडेबत्तीस टक्के केले, तरी दाण्याचा भाव हमीभावापर्यंत चढला नाही. हमीभाव १२ टक्के ओलाव्याच्या मालासाठी असतो. पावसाने भिजलेल्या मालाची अडचण पाहून सरकारी खरेदीत ही मर्यादा त्या वर्षी १५ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली. हे सारे अडतीवर बसणाऱ्याला तोंडपाठ असते. त्याचबरोबर ओलाव्याचे यंत्र कोणाचे, मातेऱ्यासाठी कपात किती, काट्यावर शेतकरी स्वतः उभा होता की नाही, या प्रश्नांवर सर्वच दुकानांचे वर्तन सारखे नसते, हेही त्याला ठाऊक असते. जो व्यापारी वादात पहिला भाग सांगतो आणि दुसरा टाळतो, त्याचे आकडे खरे असूनही कोणी मानत नाही.

ज्याच्या दुकानी कपातीचा प्रत्येक रकाना पट्टीवर वेगळा लिहिला जातो, त्याला लांब निबंध लिहावा लागत नाही. शेतकऱ्याचे नाव व गाव झाकून पट्टीचे छायाचित्र ठेवले, की पुरे होते. त्यावर कोणी शिव्याच दिल्या, तर तेथे थांबण्यात कमीपणा नाही. बुडीत खात्यावर रोज व्याज आकारून वसुली होत नसते, हे बँकेला कळते तसे पेढीलाही कळते.

आणखी एक व्यावहारिक बाब. दुकानाच्या पाटीवर जो क्रमांक असतो, त्याच क्रमांकावरून अनेक घरांत मुलगा पक्षाची बाजू मांडतो, काका करांवर बोलतात आणि सूनबाई पर्युषणाच्या काळात मांसविक्री बंदीवर मत देतात. वाचणाऱ्याला मुलगा, काका, सूनबाई दिसत नाहीत. त्याला पेढीचे नाव दिसते. सकाळी तोच माणूस माल घेऊन दारात उभा राहणार असतो, किंवा राहणार नसतो. घरातील प्रत्येकाने आपले मत आपल्या नावाने व आपल्या क्रमांकावरून मांडावे आणि पाटीवरचा क्रमांक भाव, आवक आणि दुकान उघडण्याची वेळ यांपुरता ठेवावा. नवीन क्रमांक घेण्यास कागदपत्रांसह अर्धा तास लागतो.