तुमच्या घराचा मुख्य कॉक कुठे आहे?

आमची मावशी मूळची भालकीची. गेली तीस वर्षे ती हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये राहते, एका अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर. गेल्या दिवाळीत आम्ही तिच्याकडे असताना रात्री दीडच्या सुमारास बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटला. बघता बघता पाणी हॉलमध्ये आले आणि तिथून जिन्यावर. आम्ही बादल्या नि चादरी घेऊन धावलो. पण पाणी बंद कुठून करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी वॉचमनने गच्चीवरचा मोठा व्हॉल्व बंद केला. तोवर खालच्या शेजारणीचे छत भिजले होते.

सकाळी प्लंबरने बेसिनखालचा छोटा अँगल कॉक दाखवला. "अम्मा, इसकू घुमाए तो बस था!" पण वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे तोही गच्च बसला होता.

मराठीत नळ, कन्नडात नल्ली, तेलंगणात नल्ला. नाव काहीही असो, तोटीच्या मागे काय आहे, हे आपण पाहतच नाही.

पाणी येते कुठून?

हैदराबादला मांजरेचे पाणी मिळते, 2004 पासून कृष्णेचे आणि 2015 पासून गोदावरीचेही. तिन्ही नद्यांचा उगम महाराष्ट्रातला. त्यातल्या मांजरा आणि कृष्णा कर्नाटकातून वाहत पुढे जातात. म्हणजे मावशीच्या नळाचे पाणी तसे माहेरचेच!

हे पाणी चोवीस तास येत नाही. ठरल्या वेळी येते आणि जमिनीखालच्या टाकीत साठते. तिला तिकडे 'संप' म्हणतात. तिथून मोटारीने गच्चीवर आणि मग उतरत्या पाईपांतून घरोघरी. टाकीपासून जितके खाली, तितका दाब जास्त. दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब पडतो. म्हणूनच वरच्या मजल्यावर शॉवर रडतो आणि खालच्या मजल्यावर नळांचे वायसर लवकर झिजतात.

आपल्याकडेही बहुतेक गावांत अशीच तऱ्हा आहे. तिच्यात एक धोका लपलेला असतो. पुरवठा थांबला की पाईप रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाच्या लाईनला थेट मोटार लावली, तर हे ओढणे आणखी वाढते. म्हणून तसे कधीही करू नये. नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे आणि पिण्याचे पाणी उकळावे.

घरच्या घरी काय पाहाल?

१. प्रत्येक कॉक महिन्यातून एकदा बंद करून पुन्हा उघडा. म्हणजे तो जाम होणार नाही.

२. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. रात्री कोणी पाणी वापरले नाही आणि मोटारही लावली नाही, तरी सकाळी पातळी उतरली असेल, तर गळती आहे. अपार्टमेंटमध्ये हे सर्वांनी मिळून करावे.

३. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतले रबर गेले असे समजा.

४. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर तांब्या ठेवा. एक लिटर भरला, तर महिन्याला 720 लिटर पाणी वाया जाते! आणि बरेचदा दुरुस्ती असते ती एका साध्या वायसरची.

५. बोअरच्या जड पाण्याने नळाच्या जाळीत पांढरा थर धरतो. जाळी काढून लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा.

६. बंद न्हाणीघरातून वास येतो, कारण जाळीखालच्या वाकड्या पाईपातले पाणी सुकते. ते पाणी वासाला आणि झुरळांना अडवते. आठवड्याला एक तांब्या ओतला की पुरे.

७. बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुगला, गंजला किंवा त्याची जाळी तुटली, तर फुटण्याची वाट पाहू नका. लगेच बदला.

दोन गोष्टी मात्र स्वतः करू नयेत. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व ठिबकतो म्हणून तो बुजवू नये; वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. आणि संप साफ करायला एकट्याने आत उतरू नये. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो, शिवाय मोटारीच्या विजेचेही भय असते.

मावशीने आता सगळे कॉक बदलून घेतले आहेत. मुख्य कॉकला तांबडा रंग दिला आहे, आणि मुक्कामी येणाऱ्या पाहुण्याला चहाआधी तो कॉक दाखवला जातो. आम्ही हसतो, पण परत आल्यावर आमच्याही घरचा कॉक शोधला. तो कपाटामागे निघाला!

आज रात्री जेवणे झाली की तुम्हीही शोधा. आणि घरातल्या लहानथोर सगळ्यांना दाखवून ठेवा.