पाप व संतपद, कॅथलिक पंथातील

कॅथलिक धर्मसिद्धांतानुसार मानव ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला असून त्याचा स्वभाव मूलतः चांगला आहे. आदाम व एवा यांच्या आज्ञाभंगामुळे तो दुबळा झाला. परंतु समूळ भ्रष्ट झाला नाही. वारशाने येणाऱ्या या अवस्थेस ‘आद्यपाप’ म्हणतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये हा सिद्धांत स्पष्ट केला. बाप्तिस्म्याने आद्यपाप नाहीसे होते. पापाकडील ओढ मात्र उरते. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात (१६१६) हे पतन आणि ख्रिस्ताने केलेले तारण मराठी ओवीत वर्णिले आहे.

व्यक्तीने स्वतः केलेल्या पापाचे मारक व क्षम्य असे दोन प्रकार होत. कृत्य गंभीर असणे, त्याची पूर्ण जाणीव असणे व त्यास स्वेच्छेने संमती असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पाप मारक ठरते. पश्चात्तापपूर्वक धर्मगुरूजवळ केलेले पापनिवेदन हा त्याच्या क्षमेचा सामान्य मार्ग होय.

संत म्हणजे जन्मतः निष्पाप व्यक्ती नव्हे. ईश्वरी कृपेस साथ देऊन जी सद्‌गुणांत स्थिर झाली, ती स्वर्गस्थ असल्याचे चर्च घोषित करते. आराधना केवळ ईश्वराची; संतांची मध्यस्थी मागितली जाते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया काही काळ व्यापारी होते. पुढे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला. १८६२ मध्ये त्यांना व २०१५ मध्ये गोव्याच्या जोसेफ वाझ यांना संतपद मिळाले. पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) प्रतिपादिले.